लिंबाची फोड

कवट्यांच्या खोलीत माझी एकतीस वर्षं गेली.
फडकं, मऊ ब्रश, वहीत आकडे,
आणि खिडकीत मिस्ती,
माथ्यावर पुसायचं राहून गेल्यासारखं थोडं बर्फ.
आरेकिपात देवळं पांढरी, कमानी पांढऱ्या,
ज्वालामुखीनं ओकलेला दगड, हलका, सच्छिद्र.
म्हणून असेल, हाडांचं मला कधी नवल वाटलं नाही.

एका गुरुवारी कानाच्या डॉक्टर इल्यानेस जिना चढून आल्या,
धापा टाकत म्हणाल्या,
एलेउतेरियो, तुझ्याकडे भोकं असतील.
म्हटलं, बाई, इथे भोकांवाचून आहेच काय?

त्यांच्याकडे सातुर्निना च्योकेवांका येत होती.
वय सत्तेचाळीस, बाजारात भरल्या रोकोतोची गाडी.
जेवायला बसली की उजवा कान ओला.
पू नाही, वास नाही, दुखणं नाही.
बारा वर्षं थेंब झाले, कापूस झाला,
सासूनं सतापाचा धूर दिला.
शेजारी म्हणत, हिच्या कानात कुणी मेलेलं रडतं.
ती म्हणे, मग ते भुकेलं असणार,
ताट वाढलं की बरोबर येतं.

तीन डॉक्टरांनी त्या कानाकडे कानाडोळा केला.
इल्यानेसबाईंनी तिच्या जिभेवर लिंबाची फोड ठेवली
आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या.
पुढच्या भिंतीवर, जरा खालच्या अंगाला,
एक थेंब उगवला.
पुसला.
दुसरा.

लाळ होती.

जन्मताना तिथे भिंत नसतेच.
नखाएवढं एक कडं असतं, वरून उघडं.
दोन्ही बाजूंनी हाड वाढत येतं,
मध्ये एकमेकांना गाठतं,
आणि गाठताना खाली एक खिडकी सोडतं.
पाचव्या वर्षापर्यंत ती बुजते.
बहुतेकांची.

आम्ही दिवे मालवले.
कानात बारीक टॉर्च धरून एकेक कवटी फिरवली.
काळोख, काळोख,
एकशे नव्वद, काळोख,
आणि दोनशे बारामध्ये
जबड्याच्या खोबणीत उजेडाचा तीळ.
ही कवटी मी दर सोमवारी पुसत होतो!
भिंतीला कान असतात हे लहानपणीच ऐकलेलं.
कानाला भिंत असते, आणि तीही भोकाची,
हे साठीला आल्यावर कळलं.

बाई पेन्सिलीनं दाखवत होत्या.
इकडे कान, पलीकडे लगेच जबड्याचा सांधा, शेजारी लाळेची गाठ.
कुणाचं तोंड मिटलं की सांध्याचं मांस कानात डोकावतं,
उघडलं की मागे सरतं,
त्या माणसाला रात्रभर टक् टक्.
कुणी सांध्यात दुर्बीण घालतो, ती कानात निघते.
कुणी कानातला फुगवटा रोग समजून कापायला जातो,
आणि कापला जातो माणसाचा घास.
म्हणून आधी स्कॅन, म्हणाल्या, सुरी नंतर.
सातुर्निनाच्या स्कॅनमध्ये तीन मिलिमीटर निघाले.
तिच्याच कानाच्या कुर्चेचं ठिगळ लावायचं ठरलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात ती स्वतःच आली.
हे बघायचंय, म्हणाली.
मी दोनशे बारा तिच्या हातात दिली.
तिनं टोपलीतलं फळ पारखावं तशी फिरवली.
हिचाही कान जेवताना गळायचा?
काय सांगणार?
हाड भोक दाखवतं, थेंब दाखवत नाही.

मग तिची नजर खालच्या फळीवर गेली,
लहान कवटी, दुधाचे दात.
याला तर माझ्यापेक्षा मोठं आहे.
म्हटलं, याचं बरोबर आहे.
याला बुजायला अजून दोन वर्षं होती.

ती काही बोलली नाही.
तिनं ती कवटी जिथे होती तिथेच,
त्याच कोनात ठेवली.

व्हरांड्यात तिनं फडकं सोडलं,
दोन रोकोतो, अजून कोमट, आत खिमा आणि चीज.
तिखटानं माझ्या डोळ्यांना पाणी आलं.
ती सांगत होती मिरच्यांचा भाव, थोरलीचं लग्न,
आणि लोक ओठ पुसतात तितक्या सहज
शालीच्या टोकानं
कान पुसत होती.